नंदीच्या वशिंडावरच्या छत्र्या

मला कुत्री आवडत नाहीत. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणाला वाटायला नको की ही बाई कुत्र्याच्या मायेपोटी लिहिते आहे. कुत्रं समोरून आलं की मी आजही पदर सावरून रस्ता बदलते. तरी ही गोष्ट एका कुत्र्याची आहे, त्याच्या जातीच्या नावावर उगाच खपणाऱ्या छत्रीची आहे, आणि सगळ्यात जास्त माझ्या मैत्रिणीची, शालूची आहे. डोळे उघडे ठेवून बघणं म्हणजे काय ते मी तिच्याकडे बघून शिकले.

तुम्ही पोरं पावसाळ्यात मेळघाटात हिंडायला जाता. जा, पण नुसते वाघाच्या नावानं बोंबलत फिरू नका. वाघ काही दिसत नाही. त्यापेक्षा एखादं आडवं पडलेलं झाड दिसलं की त्याच्यापाशी बसा. सालीच्या भेगांमधून लहान लहान पांढरट पंखे बाहेर आलेले दिसतील. नखाएवढे, फार तर जुन्या रुपयाएवढे. दांडा नाही, कडेनंच लाकडाला धरून असतात. वरून अंगावर बारीक लव, हात लावला तर मऊ लागते. आता एक पंखा हळूच उलटा करून खालून बघा. एका टोकापासून कडेपर्यंत पसरलेल्या गुलाबीसर करड्या घड्या, आणि प्रत्येक घडी मधोमध उभी चिरलेली. ही चिरलेली घडी हीच या छत्रीची ओळख. दुसऱ्या कुठल्या छत्रीला ती सहसा सापडायची नाही. मेलेलं लाकूड हे तिचं अन्न. बघा, हात लावा, वास घ्या, पण तोंडात घालू नका. छत्र्यांच्या बाबतीत हा नियम जो मोडतो त्याला मी माझ्याबरोबर पुन्हा नेत नाही.

मी मात्र ही छत्री पहिल्यांदा जंगलात पाहिली नाही. मी ती पाहिली एका नंदीच्या वशिंडावर.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि आम्ही पोरी परकर नेसत होतो. आमचं गाव दर्यापूरपासून दोन कोसांवर. चहूकडे काळी जमीन, नजर जाईल तिथवर कपाशी नाहीतर ज्वारी, आणि झाड म्हणाल तर बांधावरच्या बाभळी. जंगल आम्ही पाहिलं नव्हतं. मेळघाटातल्या धारणीकडचे गाडीवाले बांबू आणि बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, विकायला यायचे, तेवढंच काय ते जंगल आमच्या दारापर्यंत पोचायचं.

शालूचे आजोबा नत्थुजी. जातीचे माळी, नाल्याकाठी भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि दसऱ्याला झेंडू. माणूस मोठा हौशी, तितकाच हट्टी. आणि नत्थुजींचं ओलं पोतं गावात प्रसिद्ध होतं. माळ्याच्या घरात तोडलेली भाजी ओल्या पोत्याखाली ठेवतात, म्हणजे बाजारापर्यंत ती टवटवीत राहते. हे सगळेच करतात. पण नत्थुजींचा त्या पोत्यावर इतका विश्वास की ते काहीही त्याखाली ठेवायचे. भाजी ठेवायचे, फुलं ठेवायचे, विड्याची पानं ठेवायचे. एकदा नवीन वहाणा घेतल्या, तर चामडं तडकू नये म्हणून त्याही पोत्याखाली गेल्या. मग पुढं त्या वहाणा घालून ते चालायला लागले की पचक पचक असा आवाज यायचा आणि आम्ही पोरी तोंडात परकराचा बोळा कोंबून हसायचो.

आता तान्हा पोळा काय ते सांगते. श्रावणी अमावस्येला पोळा होतो, बैलांचा. आपल्याकडे त्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा भरतो, तो तान्हा पोळा. पोरं आपापले लाकडी बैल चाकांवर ओढत, सजवून, गावभर मिरवतात. त्या लाकडी बैलाला आपण नंदी म्हणतो आणि त्याची पूजाही करतो. नत्थुजींना नातू नव्हता, एकटी शालू. लोक म्हणायचे, पोरीचा काय पोळा? नत्थुजी म्हणायचे, तुमच्या पोट्ट्यांच्या बैलांपेक्षा माझ्या नातीचा बैल मोठा असेल. त्यांनी धारणीकडच्या गाडीवाल्याकडून सालईचं एक खोड घेतलं आणि किसनराव सुतारांकडून नंदी घडवून आणला. काय देखणा नंदी होता! शालूच्या कमरेएवढा उंच, मान जराशी वळवलेली, वशिंड असं भरदार की हात फिरवावासा वाटावा.

नंदी हवाली करताना किसनराव एवढंच बोलले होते, "लाकूड ओलं हाय, नत्थुजी. एकदम उन्हात ठेवाल तं तडकन."

तडकेल! मग काय विचारता. नत्थुजींनी नंदी गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला, त्यावर ओलं पोतं घातलं आणि सकाळ-संध्याकाळ ते त्यावर पाणी शिंपडू लागले. रंग पोळ्याच्या जरा आधी द्यायचा असं ठरलं. त्याच गोठ्यात भुऱ्या झोपायचा. भुऱ्या म्हणजे शालूचा कुत्रा. मातकट रंगाचा, एक कान मोडलेला, आळशी. शालूनं त्याला पिल्लू असताना नाल्याच्या पुरातून काढलं होतं आणि तेव्हापासून तो तिच्या मागं मागं असायचा. शाळेच्या दारात तो बसायचा म्हणून मला भिंतीच्या फटीतून आत जावं लागायचं. माझं त्याच्याशी पटत नव्हतं ते उगाच नाही.

पोळा जवळ आला तसे नत्थुजी चुन्याचं भांडं घेऊन गोठ्यात गेले आणि त्यांनी पोतं उचललं. मी आणि माझी आत्या पार्बताबाई तिथंच होतो. आत्या मेथी घ्यायला आली होती आणि मी आत्याच्या मागं उभी होते, भुऱ्या तिथं होता म्हणून.

नंदीच्या वशिंडावर पंख्यांची रांगच्या रांग उगवली होती. पांढरी, लवदार, एकावर एक. पाठीवरही थोडे होते. मला तर वाटलं, नत्थुजींनी आम्हाला न सांगता झालर लावली. इतकं ते सुंदर दिसत होतं.

आत्या मात्र ओरडली. "अगं माय वं! कुत्र्याची छत्री! नंदीवर!"

तुम्हाला हसू येईल, पण आमच्याकडे सगळ्यांची अशी पक्की समजूत होती की जिथं कुत्रं पाय वर करतं तिथं ही छत्री उगवते. कोणी तपासून पाहिलं नव्हतं. सगळे म्हणतात म्हणजे खरंच, एवढाच त्याचा पुरावा. नत्थुजींनी एकदा नंदीकडे पाहिलं आणि एकदा भुऱ्याकडे. भुऱ्यानं शेपूट हलवली. त्यानं तेव्हा शेपूट हलवायला नको होती.

"देवाचा नंदी बाटवला यानं," नत्थुजी म्हणाले. ते चिडले नव्हते, त्यांना फार लागलं होतं. "पोयाच्या बाजाराले गाडी जाईन तवा याले दर्यापूरले सोडून देतो. जेनं नंदी बाटवला त्याले या घरात जागा नाई. अन हा नंदी नदीत शिरवतो."

दर्यापूरच्या बाजारात सोडलेल्या गावठी कुत्र्याचं काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. तिथली कुत्री नव्याला एक रात्रही जगू देत नसत. शालू पुढं झाली आणि भुऱ्याच्या गळ्यात हात घालून म्हणाली, "आबाजी, भुऱ्यानं नाई केलं."

"मंग कोनं केलं?"

मला वाटलं, आता शालू रडेल. मी रडले असते. पण ती नंदीकडे बघत राहिली, खूप वेळ, मास्तरांनी फळ्यावर गणित घालावं आणि आपण ते सुटेपर्यंत हलायचं नाही असं ठरवावं तशी.

बाटलेल्या नंदीला कोणी हात लावेना, म्हणून भगवंतकाकांनी, म्हणजे शालूच्या वडिलांनी, तो पोत्यात धरून अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवला. त्या दिवशी पावसानं उघाड दिली आणि कडक ऊन पडलं. दुपारी शालू मला ओढत तिकडं घेऊन गेली.

"जमुने, पाह्य. यायनं मुठी झाकल्या."

खरंच. सकाळचे पंखे सुकून आत वळले होते. छोट्या छोट्या करड्या मुठी झाल्या होत्या त्यांच्या.

"मेले असतीन," मी म्हणाले. "बरं झालं."

संध्याकाळी भुरभुर पाऊस आला आणि बराच वेळ राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी शालू आमच्या दारात, केस भिजलेले, डोळे मोठाले. "चाल!" एवढंच बोलली. जाऊन बघते तर सगळ्या मुठी उघडलेल्या, पंखे पुन्हा टवटवीत, आणि खालच्या घड्या चिरेपर्यंत स्पष्ट. मी असलं काही पाहिलं नव्हतं. सुकून गेलेलं काही एका पावसात असं परत येतं होय?

"मेले नव्हते," शालू म्हणाली. "पान्याची वाट पाहून राहिले होते. याईले कुत्रं नाई लागत, जमुने. याईले पानी लागते."

ती तशीच नत्थुजींकडे गेली आणि सगळं सांगितलं. नत्थुजींनी ऐकून घेतलं. हट्टी असले तरी नातीचं बोलणं ते मध्येच तोडत नसत. मग म्हणाले, "पानी तं कोनतंबी झाड पेते. पन पयले थे अठी आलंच काहून? आनलं कोनं? कुत्र्यानंच आनलं ना?"

मुद्दा बरोबर होता. पण शालू हरली नाही. ती म्हणाली, "आबाजी, बाजाराच्या दिवसापर्यंत मले सांगू द्या, कोनं आनलं थे."

"सांग. गाडी त्याच दिवशी जाईन. तवापर्यंत तूच सांगितलं नाई, तं भुऱ्या गाडीत बसन."

नंतर तिनं जे केलं ते मी पुढं मास्तरीण झाल्यावर माझ्या शाळेतल्या किती पोरांना सांगितलं असेल. कोणी तिला शिकवलं नव्हतं. ती किसनरावांकडे गेली आणि नंदीच्या त्याच सालईच्या खोडाचे उरलेले तुकडे मागून आणले. ते तुकडे सुताराच्या पडवीत फळीवर कोरडे पडून होते, एकावरही छत्री नव्हती. किसनरावांनी विचारलं, "काय बनवतं वं, बाई?" शालू म्हणाली, "अजून माईत नाई."

मळ्यात पाखरं हाकायला उंच मचाण होतं, चार बल्ल्यांवर, वर गवताचं छप्पर. चढायला उभी शिडी. शालूनं एक तुकडा मचाणावर ओल्या पोत्याखाली ठेवला. दुसरा तिथंच, पण कोरडा, छपराखाली उघड्यावर. "वर कुत्रं येत नाई," ती म्हणाली. "अन सारखंच लाकूड हाय. फरक फक्त पान्याचा."

"आन तिसरा?" मी विचारलं. मला आधीच संशय आला होता.

तिसरा तुकडा तिनं गोठ्याच्या वळचणीखाली, खुंट्यापाशी ठेवला. त्या खुंट्यापाशी भुऱ्या रोज पाय वर करायचा.

"यावर नजर ठेवाचं काम तुह्यं," शालू म्हणाली. "रोज मुतते का नाई, थे पाहाचं. मले सांगाचं."

बघा! सगळ्या गावात कुत्र्याला भिणारी मी एक, आणि माझ्या वाट्याला हे काम. मी नाही म्हणणार होते. पण शालू माझ्याकडे अशा काही विश्वासानं बघत होती की मी ते काम अंगावर घेतलं. मग रोज सकाळी मी दूरच्या ओट्यावरून भुऱ्याकडे डोळे लावून बसायचे. पहिल्या दिवशी मी एवढी रोखून पाहत होते की तो पाय वर करता करता थांबला, माझ्याकडे पाहिलं आणि दुसरीकडे निघून गेला. कुत्र्यालाही लाज असते हे मला तेव्हा कळलं. पुढं मी तोंड फिरवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघू लागले, तेव्हा कुठं त्यानं आपलं काम नीट केलं. रोज, मन लावून, तुकडा भिजेपर्यंत.

शालू सकाळ-संध्याकाळ तांब्या घेऊन मचाणावर चढायची आणि पोतं भिजवायची. पोतं उचलून बघायची. काही नाही. लाकूड जसंच्या तसं. दिवस जात होते. आत्या मला घरी म्हणायची, "माळ्याच्या पोरीनं कुत्र्यासाठी डोकं फिरवून घेतलं." नत्थुजी भुऱ्याला स्वतः जेवायला घालेनासे झाले होते आणि त्याच्याकडे बघणंही टाळत होते. भुऱ्या त्यांच्या पायापाशी जाऊन बसायचा, तर ते उठून जायचे. ते बघून शालूचा चेहरा उतरायचा.

एकदा मचाणावर बसलो असताना मी तिला विचारलंच, "शालू, अन तुह्या आबाजीचंच खरं असन तं?"

खाली भुऱ्या शिडीच्या पहिल्या पायरीवर पुढचे पाय ठेवून वर बघत होता. त्याला यायचं होतं, जमत नव्हतं.

"तं भुऱ्यानं केलं असं म्हनीन," ती म्हणाली. "पन पाहिल्याबिगर नाई म्हननार."

मी त्यानंतर पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. स्वतःला काय हवं आहे ते बाजूला ठेवून समोर काय आहे ते बघणारी फार थोडी. शालू तेव्हा पाचवीत होती. मला तिचा तेव्हाही अभिमान वाटला आणि आज तर जास्तच वाटतो.

बाजाराच्या आदल्या संध्याकाळी पोत्याखालच्या लाकडावर सालीच्या चिरेत तिला पांढरे ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याएवढे. मला ते बुरशीसारखे वाटले. तिनं त्या एका संध्याकाळीच पोतं दोनदा भिजवलं.

सकाळ झाली. खांदमळणीचा दिवस, म्हणजे दुसऱ्या दिवशी पोळा. भगवंतकाकांनी गाडी जुंपली, चऱ्हाटाचं एक टोक भुऱ्याच्या गळ्यात बांधलं आणि त्याला गाडीत चढवलं. कुत्र्याला गाडीत बसायला मिळालं तो पहिलाच दिवस. तो गाडीच्या दांडीवर पाय ठेवून, जीभ बाहेर काढून, मोडका कान वाऱ्यावर उडवत असा काही खुशीत उभा होता की मला, म्हणजे मला, कुत्र्यांना भिणारीला, गलबलून आलं. त्याला वाटत होतं, सगळे मिळून कुठंतरी जत्रेला निघालोत.

गाडी आधी मळ्यात थांबली, वांगी भरायला. नत्थुजी बरोबर होते. शालू गाडी थांबण्याआधीच उडी मारून मचाणाच्या शिडीवर होती. वर गेली. पोतं उचललं. मग ती लाकडावर वाकली, मला खालून तिची नुसती पाठ दिसत होती.

मी खाली शिडीला धरून उभी. मला वाटलं, संपलं.

"आबाजी," शालूनं वरून हाक मारली. "वर या."

"अवं, मले कुठी चढता येते?"

"या."

नत्थुजी चढले. थांबत थांबत, कण्हत, शिडीला शिव्या देत. त्यांच्यामागून मी चढले. पोत्याखालच्या तुकड्यावर चिरेच्या कडेनं पंखे फुटले होते. लहान होते, पण तेच. तीच लव, तेच गोल काठ. शालूनं एक हळूच उलटा करून दाखवला. घड्या, आणि प्रत्येक घडी मधून चिरलेली. बाजूचा कोरडा तुकडा मात्र तसाच पडलेला, कोरा.

"वर कुत्रं येते का, आबाजी?" शालूनं विचारलं. "तुमी चढाले एवढे डाव थांबले."

नत्थुजींनी पंख्यावर बोट ठेवलं. मग त्यांची नजर बाजूला पडलेल्या पोत्याकडे गेली. त्यांनी ते उचललं, ओलं होतं, पाणी ठिबकत होतं. पोत्याची त्यांना वेगळी ओळख करून द्यायची गरज नव्हती.

मी पदरात, म्हणजे परकराच्या ओच्यात, तिसरा तुकडा बांधून आणला होता. माझी मेहनत वाया जाऊ द्यायला मी तयार नव्हते. "आबाजी, हा भुऱ्याचा. रोज भिजवला त्यानं, मी सोता पाहिलं. याच्यावर एकबी छत्री नाई. पाहिजे तं वास घ्या."

नत्थुजी मागं सरकले. "नको, बाई. इस्वास हाय."

मग ते हळूहळू शिडी उतरले. वांग्याच्या पाट्या बाजूला केल्या आणि गाडीत चढून भुऱ्याच्या शेजारी बसले. भगवंतकाका गोंधळून बघत राहिले.

"चाल, भगवंता. हाक."

"कुठी, बाबा?"

"दर्यापूरले. जेनं नंदी बाटवला त्याले सोडून याचं, म्याच म्हनलो होतो ना? पोतं माह्यं. पानी म्या देल्लं. मंग सोड मले."

ते हसण्यावारी नेत नव्हते, खरंच सांगत होते. त्यांचे डोळे भरले होते. भुऱ्यानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. बिचाऱ्याला काय कळणार, गेले कित्येक दिवस ज्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही तो माणूस शेजारी येऊन बसला, याचाच त्याला आनंद.

शालू गाडीच्या चाकावर चढली आणि तिनं आजोबांचा हात धरला. "उतरा, आबाजी. नंदी बाटलाच नाई. थे लाकडातच होतं. जंगलातून लाकडासंगच आलं. आत निजून होतं. तुमी पानी देल्लं, उगवलं. मेथी नाई का उगवत?"

मेथीचं नाव निघाल्यावर नत्थुजींचा चेहरा बदलला. काही झालं तरी माळी. त्यांनी शालूच्या हातातला तुकडा घेतला, डोळ्याजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला, नवीन वाणाचं वांगं बघायचे तसा. "म्हंजे हे पीक हाय म्हन," ते म्हणाले. "अन याचं बी कुठी असते वं?"

ते तेव्हा आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. मी पुढं मोठी झाल्यावर शिकले. बी म्हणजे त्या चिरलेल्या घड्यांमधून उडणारी धूळ, इतकी बारीक की डोळ्यांना दिसत नाही. ती वाऱ्यावर जाते, तुटक्या फांदीवर बसते आणि लाकडात सुतासारखे धागे सोडते. ते धागे लाकूड खातात. खरं झाड म्हणाल तर ते धागेच, आपल्याला दिसतो तो पंखा हे नुसतं फळ. ते लाकूड खाऊन खाऊन त्याची माती करतात आणि त्या मातीत नवीन झाड उगवतं. हे पंखे आणि त्यांचे भाऊबंद नसते तर मेळघाटात पाय ठेवायला जागा उरली नसती, नुसता मेलेल्या झाडांचा ढीग. एवढं मोठं काम, आणि नाव काय, तर कुत्र्याची छत्री. मला याचा फार राग येतो.

नत्थुजी गाडीतून उतरले. भुऱ्यालाही उतरवलं. गाडी नुसती वांगी घेऊन दर्यापूरला गेली.

नंदीचं काय झालं म्हणाल, तर तो नदीत गेला नाही. किसनरावांनी ठोकून बघितला आणि म्हणाले की लाकूड आतून खायला लागलं आहे, एखाद-दोन पोळे टिकेल. नत्थुजी म्हणाले, "जंगलाचं होतं, जंगल खाऊन राहिलं. आपन काहून आडवं यावं?" त्यांनी पंख्यांना धक्का न लावता भोवतीनं चुना दिला, आणि तान्ह्या पोळ्याला शालू तो वशिंडावरच्या पांढऱ्या झालरीसकट गावभर ओढत फिरली. तशी झालर दुसऱ्या एकाही नंदीला नव्हती. माझ्या आत्यानं आधी तोंड वळवलं, मग कोणी बघत नाही असं पाहून एका पंख्यावर बोट फिरवलं. मी पाहिलं.

पण ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचं. त्याआधी, गाडी बाजाराला गेली त्याच संध्याकाळी, खांदमळणी होती. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांना धुऊन आणतात, वर्षभर जू वाहिलेले त्यांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात, पळसाच्या पानानं शेकतात, आणि मग हात जोडून त्यांना उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. बाराही महिने राबवून घेतलेल्याची ही अशी माफी मागायची रीत आहे.

नत्थुजींनी दोन्ही बैलांचे खांदे मळले, आवतण दिलं. आम्ही सगळे गोठ्याच्या दारात उभे होतो, आत्यासुद्धा. विधी झाला असं समजून सगळे वळले. नत्थुजी मात्र पळसाच्या पानावर उरलेलं हळद-लोणी घेऊन कोपऱ्यात गेले. भुऱ्या तिथं अंग आखडून पडला होता. गेल्या काही दिवसांत त्याला तेवढं कळलं होतं की या म्हाताऱ्याच्या वाटेत यायचं नाही. नत्थुजी गुडघे टेकून त्याच्यापुढं बसले. त्याच्या दोन्ही खांद्यांवर त्यांनी हळद-लोणी चोळलं, बैलांना चोळलं होतं तेवढंच सावकाश. मग हात जोडले.

"आज आवतन घ्या," ते म्हणाले, "उद्या जेवाले या."

शालू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. भुऱ्यानं खांद्यावरचं लोणी चाटायला मान वळवली, जीभ पोचेना, म्हणून त्यानं नत्थुजींचे जोडलेले हातच चाटायला घेतले. नत्थुजींनी ते मागं घेतले नाहीत. सगळं लोणी संपेपर्यंत ते तसेच बसून होते.